सव्यभिचार

न्यायदर्शनाने पाच हेत्वाभास, म्हणजे अनुमानातले सदोष हेतू, सांगितले आहेत आणि त्यांतला पहिला आहे सव्यभिचार. नीतिअनीतीशी त्याचा संबंध नाही. हेतू, म्हणजे अनुमानाला दिलेले कारण, साध्याशी, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याच्याशी, एकनिष्ठ नसला, साध्य नसेल तिथेही सापडू लागला, की तो सव्यभिचार ठरतो. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, असे म्हणणाऱ्यापुढे नैयायिक तापलेला लोखंडी गोळा ठेवतात: अग्नी आहे, धूर नाही. मराठीत मात्र व्यभिचार म्हटले की एकच अर्थ मनात येतो. गुप्तरोगाच्या तपासणीत हे दोन्ही अर्थ समोरासमोर उभे राहतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा माणूस बदफैली, या अनुमानाचे साध्य व्यभिचार असेल; पण त्याचा हेतूच सव्यभिचारी आहे.

सिफिलिसची, जुन्या बोलीत गरमीची, पहिली रक्तचाचणी 1906 साली ऑगस्ट वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढली. जन्मतः हा रोग असलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. रुग्णाच्या रक्तातली प्रतिद्रव्ये त्यातल्या जंतूंना धरतील अशी कल्पना होती. थोड्याच काळात दिसून आले, की निरोगी अवयवाचा अर्कही तेच काम करतो. चाचणी चालत होती. तिच्यामागचा सिद्धान्त चुकीचा होता. लुडविक फ्लेक या पोलिश डॉक्टरने 1935 साली याच चाचणीवर पुस्तक लिहून दाखवले, की दूषित रक्ताची जुनी समजूत आणि या रोगावर बसलेला पापाचा शिक्का यांचा रेटा संशोधकांच्याही पाठीशी होता. म्हणजे निवाडा आधी होता, पुरावा मागून आला. आजची व्हीडीआरएल चाचणीही जंतू पाहत नाही. कार्डिओलिपिन या स्निग्ध द्रव्याविरुद्धची प्रतिद्रव्ये पाहते. ती कुष्ठरोगात, मलेरियात, ल्युपसमध्ये, क्वचित गरोदरपणातही आढळतात. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी करतात, आणि ती रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. बरे, संसर्ग खराच निघाला तरी तो नवऱ्याकडून आला, आईच्या पोटात असताना आला की आणखी कुठून, हे नळीतल्या रक्ताला ठाऊक नसते.

यावर श्रद्धावान म्हणेल, की वाट कुठलीही असो, रोग हे कर्माचेच फळ. पण कर्मसिद्धान्त गांभीर्याने घेतला तर तो हा आक्षेप उचलूनच धरत नाही. फळ या जन्मातल्या कर्माचे की मागच्या, हे माणसाला उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, असेच तो सिद्धान्त सांगतो. मग शेजाऱ्याचे संचित लॅबच्या कागदावरून वाचण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी? सुरुवातीचा सिफिलिस बेंझाथिन पेनिसिलिनच्या 24 लाख युनिटच्या एका इंजेक्शनने बरा होतो. त्या सुईने पातक धुतले जाते असे कुणी म्हणत नाही. तर मग पातक अंगात शिरले होते असे तरी का म्हणावे?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चारित्र्याचे जाऊ द्या, निदान लग्नाआधी सर्वांची एचआयव्ही तपासणी सक्तीची करा, म्हणजे मुली वाचतील. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने 1988 पासून नेमके हेच केले. पहिल्या सहा महिन्यांत 70,846 जण तपासले, त्यांत 8 पॉझिटिव्ह निघाले. खर्च अंदाजे 25 लाख डॉलर. लग्नाचे परवाने 22.5 टक्क्यांनी घटले, कारण जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करू लागली. पुढच्याच वर्षी तो कायदा रद्द झाला. रोग जिथे विरळा असतो, तिथे चांगली चाचणीही फसवते: हजारात एकालाच रोग असेल आणि चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी दोघांना चुकून पॉझिटिव्ह ठरवत असेल, तर एका खऱ्या रुग्णामागे वीस निरोगी माणसे संशयाच्या फेऱ्यात येतात. शिवाय नुकताच संसर्ग झालेल्याची चाचणी काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते, आणि तोच कागद तो वधूपित्याला दाखवू शकतो. लग्नानंतरच्या वर्षांबद्दल तर हा कागद काहीच बोलत नाही.

तरीही जोडीदाराचा जाणून घेण्याचा हक्क खोटा नाही, आणि स्वतःहून तपासून घेऊन सांगणे हा मला धर्मच वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली एका खटल्यात, रुग्णालयाने रुग्णाचा एचआयव्ही संसर्ग उघड केल्याने गोपनीयतेचा भंग झाला नाही असे ठरवले. रुग्णाच्या लग्नाच्या हक्काबद्दलचे त्याच निकालातले शेरे मात्र अनावश्यक होते, असे त्याच न्यायालयाने 2002 साली म्हटले. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी करण्यास बंदी घातली. रुग्ण जोडीदाराला सांगणार नाही अशी खात्री पटली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटी पाळून सांगू शकतो. मात्र सांगितल्याने मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगू नये, असेही त्यात आहे, आणि तिथे स्त्रियांचा उल्लेख खास केलेला आहे. तो का करावा लागला हे उघड आहे. गरोदरपणात तपासणी बाईची होते, म्हणून घरातला पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट पुष्कळदा तिच्या नावाचा असतो. संसर्ग नवऱ्याकडून आलेला असला तरी.