तुपातली पुरी आणि शिवाशिव

उत्तर भारतात पूर्वापार रांधण्याचे दोन प्रकार मानले गेले. पाण्यात शिजवलेला भात, डाळ, साधी रोटी ही कच्ची रसोई. तुपात तळलेली पुरी, कचोरी ही पक्की. कच्ची आपल्या किंवा वरच्या जातीच्याच हातची चाले, पक्की मात्र हलवायाच्या दुकानातूनही घेत. आपल्याकडे पाण्याऐवजी दुधात भिजवलेली दशमी सोवळे पाळणाऱ्यांना प्रवासात चालत असे, ती याच हिशेबाने. या सवलतीत अनेकांना धर्माची उदारता दिसते. मला तर ती शिवाशिवीच्या मुळावरच येणारी वाटते. तूप आणि अग्नी अन्न शुद्ध करत असतील, तर तळणारा हात कोणाचा हे विचारण्याचे कारणच उरत नाही. आणि हाताचा विटाळ तुपालाही धुता येत नसेल, तर हलवायाची कचोरी तरी कशी चालली?

यावर आरोग्याचे कारण पुढे केले जाते, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. तापल्या तुपात पुरी सोडली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होते, कडेने बुडबुडे उसळतात, पुरी टम्म फुगते. पाणी उडालेला, खुसखुशीत तळलेला जिन्नस भातापेक्षा जास्त टिकतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही शिळे अन्न निषिद्ध ठरवताना तूपतेलाच्या पदार्थांना सूट आहे. पण आरोग्याचा नियम अन्न कधी केले, कसे झाकले, हात धुतले होते का, हे विचारील. हा नियम मात्र अन्न करणाऱ्याची जात विचारत होता. म्हणूनच अस्पृश्य ठरवलेल्या माणसाने त्याच तुपात, त्याच आचेवर तळलेली पुरी नाकारली गेली. कढई तीच, कृती तीच. फरक फक्त माणसाचा.

व्यापार, यात्रा, लग्नकार्य अडू लागले तिथे नियम वाकला. ज्यांच्यावाचून अडत नव्हते त्यांच्यासाठी तो ताठ राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. पंचगव्यात तूपही असते. पुरीला जातीबाहेर जाऊ देणारे तूप इथे माणसांना बाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले. सोयीप्रमाणे बाजू बदलणाऱ्या अशा शुद्धीला धर्म म्हणणे हा धर्माचाच अपमान आहे.