आगळात मीठ असतं

मान वर कर आणि परीक्षकांचा कागद मोठ्याने वाच. रंगरूप, 3 पैकी 3. चव, 20 पैकी 6. त्या गुलाबी रंगापायी महिनाभर जीव आटवलास, आणि रंगरूपाला मुळात 50 पैकी 3च गुण! वासाला 12, चवीला 20. हा तक्ता पहिल्याच दिवशी तुझ्या हातात ठेवला होता.

गोझेत कोकम घालायची कल्पना तुझी, आणि ती उत्तमच आहे. लाइपझिगच्या त्या गव्हाच्या बिअरमध्ये आंबटपणा, मीठ, धणे असतातच. कोकम तिथे शोभतं. पण तू ओतलंस आगळ. आगळात मीठ असतं, हे मालवणच्या पोराला मी न्यू जर्सीत बसून सांगायचं? वर कृतीतलं मीठही घातलंस. बिअर लॅक्टोबॅसिलसने आधीच आंबट झालेली, तिच्यावर कोकमाचा आंबटपणा चढवलास. ते झाकायला गूळ, गूळ झाकायला वेलची.

आधी चाखायचं कोणी? 100 मिलिलिटर बिअरचे चार पेले घ्यायचे, सिरिंजने 1, 2, 3, 4 मिलि आगळ घालायचं. दोनाचा पेला आवडला, तर 19 लिटरला 380 मिलि. अर्ध्या तासाचं काम! तू सगळ्या 19 लिटरवर हात चालवलास आणि वहीत लिहिलंस, ‘आगळ, अंदाजे’. अंदाजे म्हणजे किती? पुन्हा करायची झाली तर कशी करशील?

प्रवेशिकेवर मूळ प्रकार आणि फळ स्पष्ट लिहायचं असतं. तू लिहिलंस ‘कोकण स्पेशल’. कोकम कधी न चाखलेल्या परीक्षकाने त्यातून काय ओळखायचं?

हे सगळं एकवेळ माफ केलं असतं. बाटल्यांचं करणार नाही. गूळ पडला की आंबणं पुन्हा सुरू होतं. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस हलला नाही, की मग बाटल्या भरायच्या. तू प्रवेशिकेची शेवटची तारीख बघून भरल्यास. दोन फुटल्या. कपाटाच्या दारात रुतलेली काच मी चिमट्याने उपटून काढली. त्या दारापाशी तुझी चार वर्षांची मुलगी खेळते रे!

आज घरी गेल्यावर जाड हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घाल. उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेव. पुरत्या गार झाल्या की एकेक उघडून मोरीत ओत. मुलीला त्या वेळी बाहेर पाठव.

शनिवारी सकाळी सातला ये. बिनमिठाची सुकी कोकमं आण, नवी वही आण. सिरिंज आणि तराजू मी काढून ठेवतो.