साक्षीदाराची जबानी

एडगर ॲलन पो याची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही कथा १८३९ साली फिलाडेल्फियाच्या ‘बर्टन्स जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली, आणि रॉडरिक अशर म्हणजे देहापासून तुटलेली बुद्धी, त्याची जुळी बहीण मॅडलिन म्हणजे त्या बुद्धीने नाकारलेला देह, असे तिचे प्रतीकार्थ पुढे अभ्यासकांनी लावले. ते मला अमान्य नाहीत. परंतु नीतीचा विचार करू लागलो की माझी दृष्टी खिळते ती ज्याला लेखकाने नावदेखील दिलेले नाही अशा निवेदकावर.

आजारी बालमित्राच्या सोबतीस आलेला हा गृहस्थ सुशील, वाचनप्रिय आणि मनाने कनवाळू आहे. देह ताठरून मृत्यूचा आभास व्हावा असा विकार मॅडलिनला आहे, हे त्याला ठाऊक असते. तरीही ती वारली असे सांगून रॉडरिक तिचे प्रेत पंधरा दिवस तळघरात ठेवण्याचा बेत बोलून दाखवतो, तेव्हा तो यत्किंचितही हरकत घेत नाही. कारण जिन्यात भेटलेल्या वैद्याची मुद्रा त्याला धूर्त वाटली होती, आणि अशांच्या हाती प्रेत पडू नये ही खबरदारी त्याला रास्त वाटते, एवढेच. एके काळी दारूगोळा साठवलेल्या आणि नेमक्या त्याच्याच शयनगृहाखाली असलेल्या त्या तळघरात दोघे मिळून शवपेटी नेतात. झाकण किंचित सरकवताच मुखावरची फिकट लाली आणि ओठांवर रेंगाळणारे स्मित त्याला दिसते. आणि अशा विकारात हे असेच असते, असे मनाशी म्हणून तो झाकणाचे स्क्रू आवळू लागतो.

या कथेतील पुढच्या साऱ्या भीषणतेहून मला हा क्षण अधिक भयंकर वाटतो. येथे क्रौर्य नाही, द्वेष नाही, लोभ नाही. यजमानाला त्याच्याच घरात अडचणीचा प्रश्न विचारू नये, हा सभ्यतेचा संकेत तेवढा आहे, आणि एका जिवंत स्त्रीला पुरण्यास तो पुरेसा ठरतो. डोळ्यांना दिसलेले सत्य आणि जिभेवर न आलेला प्रश्न यांच्यामध्ये जी सोयीस्कर समजूत उभी राहते, तिचाच हा माणूस प्रतिनिधी आहे.

रॉडरिक निदान त्या अखेरच्या वादळी रात्री कबुली देतो, की पेटीतली हालचाल आपण अनेक दिवसांपूर्वीच ऐकली होती, पण बोलण्याची छाती झाली नाही. निवेदक मात्र, रक्ताने माखलेली मॅडलिन भावाच्या अंगावर कोसळताच पळत सुटतो, वाडा तळ्यात गडप होताना पाहतो, आणि आकाशाचा रंग, भिंतींवरची बुरशी, मित्राच्या ग्रंथांची नावे यांची बारकाईने नोंद करणाऱ्या आपल्या जबानीत, स्क्रू आवळणाऱ्या स्वतःच्या हातांविषयी खेदाचा एक शब्दही उच्चारत नाही.