मम म्हणा

लीड्समधली मंगळवारची संध्याकाळ, चर्चमागचा हॉल, लीगचा सामना. चौथ्या पटावर माझ्याकडे काळी मोहरी होती. समोरच्या आजोबांनी प्यादं सी-४ला ढकललं, मी सी-५ला. १८४३ साली पॅरिसला सेंट-अमाँविरुद्ध इंग्रज खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन सी-४ खेळला, म्हणून ही सुरुवात 'इंग्लिश' आणि काळ्यानं तीच खेळी केली की 'सिमेट्रिकल'. त्यांचा उंट जी-२ला, माझा जी-७ला. त्यांचं ए-३, माझं ए-६. त्यांचा हत्ती बी-१, माझा बी-८. नऊ खेळ्यांनंतर पटाची मधोमध घडी घातली असती, तर उंट उंटावर आणि प्यादं प्याद्यावर अचूक बसलं असतं.

त्याच महिन्यात मी साताऱ्याला बाबांचं वर्षश्राद्ध करून आलो होतो. गुरुजी संकल्प सांगत, मग "मम म्हणा". मी मम म्हणे. अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडलं, तेव्हा एक काळा तीळ तळहाताला चिकटून राहिला. मी त्याच्याकडेच बघत होतो. मम म्हणजे 'माझं', आणि आपल्या बोलण्यात 'मम म्हणणं' म्हणजे दुसऱ्याची री ओढणं! बाबांसाठी केलेलं ते कर्म माझं होतं का, हा प्रश्न मी विमानातही सोबत आणला.

मीमांसक म्हणतात, ऋत्विज कितीही राबले तरी फळ यजमानाचं, कारण संकल्प आणि त्याग त्याचा. हात दुसऱ्याचे चालतात. माझं नेमकं उलटं झालं होतं. हात माझे होते, संकल्प गुरुजींचा.

आणि इथे पटावर? आठव्या खेळीला बी-५ खेळण्याआधी मी अकरा मिनिटं घेतली. नाही खेळलो, तर त्यांचं प्यादं तिथे येऊन माझ्या घोड्याला हुसकावणार होतं. दुसऱ्या चार वाटा तपासल्या, त्या पटल्या नाहीत, मग हात उचलला. बघणाऱ्याला ती नक्कल दिसली असेल. माझ्या लेखी ती सबंध डावातली सर्वांत माझी खेळी होती. तेच करण्यात कमीपणा नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. आपण तिथे हजर होतो की नाही, एवढंच बघायचं.

दहाव्या खेळीला त्यांनी घोडा एफ-३ला काढला. मी मात्र डी-५. डाव पुढे बरोबरीत सुटला.

सर्वपित्रीला स्वयंपाकघरात ताम्हण घेतलं, जानवं उजव्या खांद्यावर केलं. बाबा, आजोबा, पणजोबा. पणजोबांचं नाव आठवायला वेळ लागला. मी थांबलो, आठवलं, आणि मग पाणी सोडलं.