परमुलखातील शिक्षकाचा कैवार

पंडिता रमाबाई 1884 साली इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या ओघात बहुधा एका वाक्यात उरकली जाते. परंतु परमुलखात जाऊन अध्यापन करणाऱ्या माणसाची अवस्था कशी असते, याचा ज्याला विचार करावयाचा आहे त्याने त्या वाक्यापाशी थोडे थांबले पाहिजे. पतीच्या निधनानंतर वर्ष-सव्वा वर्षातच आपली लहानगी मुलगी मनोरमा हिला घेऊन त्या विलायतेस गेल्या; सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेज येथे अत्यंत शोचनीय अंत झाला; आणि निवारा, शिक्षण व उपजीविका या तिन्ही गोष्टींसाठी वाँटेजच्या धर्मभगिनी व चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्यावाचून दुसरा आधार रमाबाईंना उरला नाही. ही मंडळी सहृदय होती, यात संशय नाही. तथापि रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी तजवीज होऊ लागताच हिंदुस्थानात अधिकारावर असलेल्या बिशपांची हरकत आली, आणि जिला कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी देऊन गौरविले होते, तिने कोणास शिकवावे याचा निर्णय तिला वगळून होऊ लागला. आपल्या आईने आणि आपण तरुण पुरुषांना शिकविण्यास ना वडिलांनी हरकत घेतली ना पतीने, मग ती इंग्लंडातल्या लोकांनी का घ्यावी, असा सवाल रमाबाईंनी 1885 मधल्या पत्रव्यवहारात बीलबाईंना केला. मला तो सवाल आजही निरुत्तर करतो. कारण आश्रय देणारा आणि हुकूम देणारा एकच असला, म्हणजे आश्रिताने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न दात्याच्या चांगुलपणाने सुटत नाही.

आज हाच प्रश्न निराळ्या वेषात आपल्या दाराशी उभा आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातून परदेशी शाळांत शिकवावयास जाणारे स्त्रीपुरुष काही थोडे नाहीत. ठाण्यातील खोपटच्या एसटी स्थानकापासून वागळे इस्टेटमधील पासपोर्ट सेवा केंद्र जवळच आहे. पण पासपोर्ट हाती पडला म्हणजे प्रवासाची केवळ पहिली चौकी ओलांडली. पदवीचे प्रमाणपत्र, बी. एड.चे प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला यांच्यावर आधी राज्य शासनाचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि कित्येक देशांसाठी त्यांच्या वकिलातीचेही साक्षांकन करून घ्यावे लागते. या खटाटोपात दलालाची फी, नोकरीच्या राजीनाम्याची मुदत आणि मुलांच्या शाळेची व्यवस्था यांनी जीव मेटाकुटीस येतो, आणि करारनामा सावकाश वाचावयास उसंत उरत नाही. तिकडे रुजू झाल्यावर दुसराच करारनामा पुढे ठेवला गेला, सुट्टीतला पगार अडकला किंवा पासपोर्ट संस्थेच्या कपाटात जाऊन पडला, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच मालकाच्या हमीवर आपला तेथील वास्तव्याचा परवाना उभा असतो.

सरकार येथे काय करते? 1983 च्या उत्प्रवास कायद्याने उत्प्रवासी संरक्षक नेमले खरे, परंतु त्यांच्या तपासणीतून दहावी उत्तीर्ण माणसाला सूट मिळते; शिकलेल्याला स्वतःचे हित कळते, हे त्यामागचे गृहीतक. परिचारिकांच्या बाबतीत ते खोटे ठरले, तेव्हा 2015 साली काही देशांसाठी त्यांची सूट काढून घेण्यात आली. शिक्षकांची मात्र तशीच राहिली. राष्ट्रकुलातील शिक्षणमंत्र्यांनी 2004 साली शिक्षकभरतीविषयी एक आचारसंहिता मान्य केली, पण ती कायद्याने बंधनकारक नाही. पदवीने माणूस शहाणा होतो हे मान्य केले, तरी एकाकी माणसाचे शहाणपण परक्या कायद्यापुढे किती काळ टिकणार?

जपानचे उदाहरण या बाबतीत मननीय आहे. 1987 साली त्या देशाने परदेशी तरुणांना आपल्या शाळांत भाषा शिकविण्यासाठी बोलाविण्याची ‘जेट’ नावाची योजना काढली. या तरुणांनी आपल्यातच ‘एजेट’ नावाचा स्वयंसेवी संघ उभारला. त्याचे स्वयंसेवक नव्या माणसाला वाट दाखवितात, एकटेपणाने ग्रासलेल्याचे म्हणणे रात्री दूरध्वनीवर ऐकून घेतात आणि सभासदांची मते गोळा करून ती संबंधित मंत्रालयांच्या प्रतिनिधींपुढे मांडतात. ऐकणारा स्वतः तशाच एखाद्या दूरच्या गावात शिकवीत असतो. त्याच्या हाती बोलणाऱ्याची नोकरी नसते, परवाना नसतो, चारित्र्याचा दाखलाही नसतो. त्याच्या मदतीचे सारे मोल मला याच अधिकारशून्यतेत दिसते. रमाबाईंना वाँटेजमध्ये लाभले नाही ते हेच. अशा संघाची अडचणही उघड आहे: त्या योजनेत माणूस जास्तीत जास्त पाच वर्षे राहू शकतो, त्यामुळे कार्यकर्ते सतत बदलतात आणि अनुभव दप्तरात उतरला नाही तर माणसांबरोबर निघून जातो.

ही उणीव आपल्याकडे भरून निघू शकते, कारण परतलेला शिक्षक येथेच राहतो. ज्या ठाण्यात 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि लोकांच्या हौसेवर व श्रमांवर वाढले, त्या शहराला असे एक मंडळ चालविणे अशक्य नाही. खोपट, पाचपाखाडी, कल्याण, डोंबिवली येथील ज्या शिक्षकांनी परदेशातील शाळेत एक मुदत तरी काढली आहे, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. जाणाऱ्याचा करारनामा त्याच्या शेजारी बसून कलमवार वाचावा. कोणत्या शाळेने शब्द पाळला आणि कोणत्या शाळेने मोडला याचे दप्तर ठेवावे. आणि गेलेल्याशी पहिले वर्षभर तरी संपर्क तुटू देऊ नये. पैसा फारसा लागणार नाही. एखाद्या शाळेने संध्याकाळी एक वर्ग उघडून दिला तरी पुरे. आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, आणि त्यांच्या करारनाम्यांवर सह्या त्यापूर्वीच्या हिवाळ्यातच होऊ लागतात. म्हणून इच्छुकांनी ही दिवाळी सरताच पहिली बैठक बोलवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.