गाण्यातला वाटा

दिवाळीत शेजारणीकडून फराळाचे ताट येते. तिची चकली एखाद्या वर्षी मऊ पडलेली असते, लाडू दगडासारखा झालेला असतो. तरी ते ताट आपण परत पाठवीत नाही. पुढल्या वर्षी तू चुलीपाशी जाऊ नकोस, असेही तिला सांगत नाही. तिने केले, आपल्याला वाटा दिला, एवढ्यावर आपला सण गोड होतो. मग गाण्याच्या बाबतीतच आपण इतके कठोर का होतो? ज्याचा गळा चांगला नाही त्याने गाऊच नये, असा दंडक कुणी घालून दिला?

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न विचारण्यापूर्वी मला स्वतःला विचारला पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी, स्नेहसंमेलनाचे स्वागतगीत बसवताना, दुसरीतल्या एका मुलीला मी रांगेतून बाहेर बोलावले. तिचा आवाज मोठा होता आणि सूर मात्र भलतीकडेच जात होता. पाहुणे यायचे होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, म्हटले, "तू नुसते ओठ हलव हं." तिने मान डोलावली. गाणे छान झाले, पाहुणे खूश झाले, आणि मी तो प्रसंग विसरून गेले.

ती विसरली नव्हती. आता तिचा मुलगा आमच्याच शाळेत येतो. माता-पालकांच्या एका मेळाव्यात सर्व बायकांनी मिळून एक गीत म्हणायचे ठरले, तेव्हा ती हसत शेजारणीला म्हणाली, "मी आपली ओठ हलवते. बाईंनीच शिकवलंय." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे मला त्या रात्री वाटले.

पुढे एका दिवाळीच्या सुटीत बहिणीकडे अमेरिकेत जाण्याचा योग आला. ती ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी असते. भाची म्हणाली, "मावशी, तू कादंबऱ्या लिहितेस ना? चल, तुला एक गंमत दाखवते. विज्ञानकथेची वेडी माणसं जमून गाणी म्हणतात." मला वाटले, पोर थट्टा करते आहे. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा मी आवडीने वाचल्या आहेत. पण त्या वाचून यानावर किंवा यंत्रमानवावर गाणे रचावे, असे माझ्या मनात कधी आले नव्हते.

ती थट्टा नव्हती. या गाण्यांना 'फिल्क' म्हणतात. या नावाचा जन्मही मोठा मौजेचा आहे. १९५० नंतरच्या दोन-चार वर्षांत ली जेकब्स नावाच्या एका रसिकाने विज्ञानकथा आणि लोकसंगीत यांच्यावर एक लेख टंकलिखित केला. 'फोक' लिहिताना त्याचे बोट शेजारच्या अक्षरावर पडले आणि 'फिल्क' उमटले. दुसऱ्या कुणी ती चूक खोडली असती. या मंडळींनी ती नाव म्हणून उचलली. एका चुकीला आपल्यात जागा देऊन ज्यांनी आरंभ केला, ती माणसे पुढे कशी वागली असतील, हे जणू तेथेच ठरून गेले.

पूर्वी विज्ञानकथेच्या संमेलनांत यांना वेगळे स्थान नसे. दिवसाचे कार्यक्रम संपले की ही मंडळी रात्री उशिरा कुठल्या तरी खोलीत, नाही तर जिन्यात, गिटार घेऊन बसत. १९७९ मध्ये शिकागोला केवळ या गाण्यांचे असे पहिले संमेलन भरले. कोलंबसचे 'ओहायो व्हॅली फिल्क फेस्ट' १९८४ पासूनचे. इंग्लंड, कॅनडा, जर्मनी येथेही आता अशी संमेलने होतात, आणि दूरच्या गायकांना एकमेकांकडे जाता यावे म्हणून लिलाव करून पैसा जमवणारी 'इंटरफिल्क' नावाची त्यांची एक संस्थाही आहे.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्या हॉटेलात शिरलो. दिवसा रीतसर कार्यक्रम असतात, शिकवण्याचे वर्ग असतात. पण त्यांचा खरा सोहळा रात्रीचा. खुर्च्या गोल मांडतात. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही. क्रम एकामागून एक फिरत जातो आणि ज्याच्याकडे येतो त्याला तीन गोष्टींची मुभा असते. त्याने स्वतः गावे, दुसऱ्या कुणाला गायला सांगावे, किंवा क्रम पुढे जाऊ द्यावा. एवढाच त्यांचा कायदा.

चाली पुष्कळदा जुन्या लोकगीतांच्या, शब्द नवे. एकीने यानातल्या मांजरावर विनोदी गाणे म्हटले; सगळे पोट धरून हसले. मग लेस्ली फिश या कवयित्रीचे 'होप आयरी' सुरू झाले. ते १९६९ सालच्या चांद्रविजयावर आहे. या मंडळींच्या 'पेगॅसस' पारितोषिकात पहिल्याच वर्षी, १९८४ मध्ये, त्याची निवड झाली होती. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग याच ओहायोतल्या वापाकोनेटा गावचा. गोलातल्या माणसांचे डोळे ओले झाले होते आणि ते लपवण्याची कुणाला गरज वाटत नव्हती.

त्यानंतर क्रम एका वृद्ध गृहस्थाकडे आला. हात कापत होते, आवाज फुटलेला, दुसऱ्या कडव्यात शब्द आठवेनात. माझ्यातली शाळेची बाई अस्वस्थ झाली. आता कुणी तरी हळूच यांना थांबवील, असे मला वाटले. पण पलीकडच्या एका तरुणीने अडलेली ओळ हलकेच सुचवली, ध्रुवपदाला सगळा गोल त्यांच्या मदतीला धावला, आणि म्हातारबुवा शेवटपर्यंत पोचले. मघाच्या गोड गळ्याच्या बाईला जेवढ्या टाळ्या मिळाल्या होत्या, तेवढ्याच त्यांनाही मिळाल्या. कमी नाहीत, आणि कीव म्हणून जास्तही नाहीत. मग क्रम पुढे गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही.

कुणी म्हणेल, बाई, हे सगळे ठीक. पण मग साधनेला किंमत काय उरली? एक षड्ज लावायला ज्यांनी वर्षे घालवली त्यांना आणि या हौशी मंडळींना तुम्ही एकाच पंगतीला बसवणार का? प्रश्न खोटा नाही. भीमसेन जोशींचे गाणे ऐकलेल्या माणसाला बेसूर सहन होत नाही, यात त्याचा अपराध नाही. पण या फिल्कवाल्यांनाही चांगल्या-वाईटाची पारख आहेच. नाही तर त्यांनी दरवर्षी पारितोषिके कशाला दिली असती? उत्तम गाण्याला ते मान देतात. मात्र गाण्याच्या हक्कासाठी उत्तमपणाची अट घालीत नाहीत. मैफलीत गायकाची कसोटी लागते, गोलात ऐकणाऱ्याची. आपण एका जागेची कसोटी दुसरीकडे नेली आणि सारा घोटाळा केला.

हे आपल्याला नवे होते असेही नाही. माझी आजी पहाटे जात्यावर बसे. तिला कुणी गायिका म्हटले नाही, पण तिला गाऊ नकोस असेही कुणी म्हटले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या बायकांच्या गळ्यांची आधी परीक्षा घेतली असती तर त्यातल्या किती ओव्या आज हाती लागल्या असत्या? पिठाच्या गिरण्या आल्या, हातांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. पण परीक्षेवाचून गाण्याची एक जागाही त्यांच्याबरोबर गेली.

शुक्रवारी आणि शनिवारी माझ्यापाशी क्रम आला की मी हाताने खूण करून तो पुढे पाठवीत होते. मीही कधी कुणासमोर गायले नव्हते. रविवारी संमेलन संपल्यावर, उरलेल्या थकल्या माणसांची एक शेवटची बैठक होते. तिला ते गमतीने 'मेलेल्या कुत्र्या'ची बैठक म्हणतात. त्या बैठकीत भाचीने माझ्याकडे बोट दाखवले. आता पळायला वाट नव्हती. आजीच्या जात्याच्या चालीवर मी मनात जुळवलेली ओवी म्हटली:

चांदोबाच्या अंगणी
उमटलं पाऊल
ना वारा ना चाहूल
पुसायाला.

आवाज कापला, वरचा सूर निसटला. भाचीने अर्थ सांगितला. मला टाळ्या मिळाल्या, त्या म्हातारबुवांना मिळाल्या होत्या तेवढ्याच. मग क्रम पुढे गेला. स्तुतीचे मला एवढे सुख कधी झाले नव्हते, जेवढे त्या क्रमात आपणही होतो याचे झाले. आणि त्याच क्षणी मला माझी ती दुसरीतली मुलगी आठवली. मी तिचा सूर दुरुस्त केला नव्हता; सूर दुरुस्त करणे हे तर माझे कामच होते. मी तिचा वाटा काढून घेतला होता.

शाळा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी, ती मुलाला न्यायला आली तेव्हा, मी तिला थांबवले आणि जे बोलायचे ते बोलून टाकले. ती संकोचली, पदराचे टोक चाळवीत हसली. म्हणाली, "अहो बाई, त्यात काय एवढं? मी खरंच बेसूर होते."

"होतीस ग," मी म्हटले, "पण वाटा तुझाही होता."

ती काही बोलली नाही. मुलाचे दप्तर खांद्यावर घेऊन निघाली. फाटकाबाहेर गेल्यावर तो पोरगा मोठमोठ्याने कसली तरी कविता म्हणू लागला, अगदी बेसूर. मी कान देऊन ऐकत राहिले. थोड्या वेळाने त्यात दुसरा एक आवाज मिसळल्यासारखा वाटला. पण तोवर ती दोघे वळणापलीकडे गेली होती, आणि मला नीट ऐकू आले नाही.