खरवडलेलं नाव

गेल्या चैत्रात धाकट्या बहिणीची मुलगी सुट्टीला आमच्याकडे बेळगावला आली होती. दुपारची जेवणं आटोपली होती, ओटा पुसून झाला होता, आणि मी सवयीप्रमाणे रेकॉर्ड लावून बसले होते. ती हात पुसत दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "मावशी, हे कुणाचं गं? कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

मला नाव चांगलं माहीत होतं. गाणारी कोण, साल कोणतं, वाजवणारे कोण, सगळं पाठ होतं. तरी मी म्हटलं, "असंच काहीतरी जुनं आहे. भाऊजींच्या खोक्यातलं."

ती "बरं" म्हणून गेली. हातातला फोन तिनं पुढे धरला असता, तर नाव तिला क्षणात कळलं असतं. पण तिनं यंत्राला विचारलं नाही, मला विचारलं. आणि मी तिला खोटं उत्तर दिलं.

त्या रात्री मी स्वतःची समजूत घातली. मुलांनी आपलं आपण शोधावं, शोधण्यातच आनंद असतो, सगळं आयतं कशाला द्यायचं? ऐकायला बरं वाटतं. पण ते खरं कारण नव्हतं. 'हिला काहीतरी वेगळंच ठाऊक असतं' असं नात्यात आणि आमच्या श्राविका मंडळात म्हणतात. ते मला आवडतं. नाव सांगितलं की ते वेगळेपण वाटलं जाणार, एवढीच माझी भीती होती.

खोक्याचं सांगायला हवं. माझे धाकटे दीर काही वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमला नोकरीला होते. त्या गावात जमैकाहून येऊन राहिलेली पुष्कळ कुटुंबं. शेजाराच्या संगतीनं भाऊजींना त्या संगीताची गोडी लागली. परत येताना त्यांनी एक खोकंभर रेकॉर्ड आणल्या. पुढे ते पुण्याला गेले आणि खोकं आमच्या माळ्यावर राहिलं. एका दिवाळीच्या साफसफाईत ते माझ्या हाती लागलं. बहुतेक छोट्या, सात इंची तबकड्या. मधलं भोक इतकं मोठं, की आमच्या यंत्रावर बसेना. शेवटी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून मधली चकती करून घेतली.

पहिल्यांदा लावलं तेव्हा काहीतरी बिघडलंय असंच वाटलं. आपल्याकडे गाणारा पुढे आणि साथ मागे. इथं डग्ग्यासारखा घुमणारा बास सगळ्यांच्या पुढे, आणि गिटार जिथं ठोका पडावा तिथं गप्प राहून मधल्या जागेत वाजते. काही तबकड्यांच्या मागच्या बाजूला तर गाणाऱ्याचा आवाजच नाही. मधेच एखादा शब्द येतो, विहिरीत बोलल्यासारखा घुमतो आणि नाहीसा होतो. याला डब म्हणतात हे नंतर कळलं. आणि जुन्या तालावर कुणी माइक हातात घेऊन लयीत बोलतो, ती डान्सहॉलची सुरुवात.

सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. त्या लोकांतले रास्ता पंथाचे पुष्कळजण मांस खात नाहीत, काहीजण मीठसुद्धा वर्ज्य करतात, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग लाव, पण आवाज हळू." गांजाचं मी त्यांना सांगितलं नाही.

हे वाचता-ऐकताना मला किंग्स्टनमधली एक गोष्ट सापडली. १९५० च्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांत घरोघरी रेडिओ-ग्रामोफोन कुठले? मोठमोठे कर्णे आणि रेकॉर्डचं यंत्र घेऊन मोकळ्या जागेत रात्रभर गाणी लावत. याला साउंड सिस्टिम म्हणत. क्लेमेंट डॉड, ज्यांना सगळे कॉक्सन म्हणत, आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन बडे प्रतिस्पर्धी. गाणी अमेरिकेतून आणायची आणि ज्याच्याकडे दुसऱ्याजवळ नसलेलं गाणं, त्याच्याकडे गर्दी. म्हणून ही मंडळी रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकत. गाणारा कोण, गाणं कोणतं, कुणाला कळायला नको. अमेरिकेतल्या विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवाल्याची 'लेटर फॉर द गेटर' ही धून कॉक्सननं अशीच दडवली आणि आपल्याच नावानं 'कॉक्सन हॉप' म्हणून वाजवली. रीड कित्येक दिवस तिचा माग काढत होता. अखेर त्याला ती सापडली आणि त्यानं ती आपल्या गर्दीपुढे लावली, तेव्हा कॉक्सनला घेरी आली, असं सांगतात.

हे वाचून मी हसले, आणि मग हसू थांबलं. कॉक्सनचं पोट त्या गुपितावर होतं. माझं कशावर होतं? तो नखानं लेबल खरवडत होता. मी "असंच काहीतरी" या दोन शब्दांत तेच केलं होतं.

आपण अपरिग्रह म्हटलं की साड्या, दागिने, भांडी मोजतो. यंदा अमुक घेणार नाही असा नियम घेतो. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची खूण वस्तूवर नाही, मूर्च्छेवर आहे, म्हणजे 'हे माझं' या गुंगीवर. खोकंभर तबकड्या माळ्यावर धूळ खात होत्या, तेव्हा तो माझा परिग्रह नव्हता. मला त्या आवडल्या आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नसाव्यात असं वाटलं, तेव्हा झाला. शिवाय ज्ञानाचा परिग्रह कपाटात दिसत नाही, म्हणून तो सुटतही नाही.

गंमत अशी, की ज्या बेटावर लेबलं खरवडली गेली, तिथंच वाटून घेण्याची रीतही वाढली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश टाउनच्या रडी रेडवुड या साउंडवाल्यासाठी ड्यूक रीडच्या स्टुडिओत पॅरागॉन्सच्या 'ऑन द बीच' या गाण्याची तबकडी कापताना गाणाऱ्यांचा आवाज घालायचा राहून गेला. रेडवुडनं ती तशीच नेऊन लावली. गाणं ओळखीचं, आवाज गायब. मग जमलेली माणसंच गायला लागली. त्यानंतर तबकडीच्या मागच्या बाजूला नुसता ताल देण्याची पद्धत पडली. रेडिओ-विजेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या किंग टबीनं त्यातून डब ही कलाच उभी केली. काढून टाकत जायचं आणि उरलेल्यात दुसऱ्याला जागा द्यायची. एकेका तालावर पुढे डझनांनी गाणी झाली. आज एकानं गायलं, उद्या त्याच तालावर दुसरा बोलला. अनेकान्त समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण अजून मिळालेलं नाही.

आता कुणी म्हणेल, झालं की मग. लपवणं वाईट, वाटणं चांगलं. मीही इथंच थांबणार होते. पण भाचीनं विचारलेल्या त्या गाण्यानंच मला थांबू दिलं नाही.

ते गाणं होतं सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम'. साल १९८२. नॅन्सी म्हणजे ऑफ्लिन रसेल, किंग्स्टनच्या एका मोठ्या खटल्यातली मुलगी. थोरला भाऊ ब्रिगेडियर जेरी माइकवर नाव कमावलेला. तालावर बोलणं हे तेव्हा पुरुषांचंच काम. तिथं ही विशीतली मुलगी उभी राहिली. तिचं ते गाणंही आकाशातून पडलेलं नाही. खालचा ताल अँसेल कॉलिन्सच्या १९७३ च्या 'स्टॅलाग १७' चा, निर्माता विन्स्टन रायली. 'बॅम बॅम' हे धृपद त्याआधीचं, मेटल्स यांच्या गाण्यातलं, ज्याला १९६६ साली जमैकाच्या पहिल्या फेस्टिव्हल साँग स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. म्हणजे देणं-घेणं चालतच आलेलं.

मग ते गाणं जगभर गेलं. सिनेमात वाजलं, जाहिरातीत वाजलं, मोठमोठ्या अमेरिकन गायकांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत घातले. म्हणून तर भाचीला ते ऐकल्यासारखं वाटलं. आणि नॅन्सी? ती १९९६ साली अमेरिकेला गेली आणि न्यू जर्सीत एका बँकेत हिशेबाचं काम करू लागली. सुमारे तीस वर्षं तिला त्या गाण्याचा मोबदला मिळाला नव्हता. एका जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकल्यावर ती वकिलाकडे गेली, तेव्हा कुठं तिच्या हक्काचा वाटा तिच्या पदरात पडला.

आपल्याकडच्या बायकांना हे नवीन नाही. लोणचं साऱ्या गल्लीनं वाखाणायचं आणि घालणारीचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. जात्यावरच्या ओव्या वाटून घेतल्या, रचणारी कुठं गेली? 'सगळ्यांचंच आहे' असं म्हणताना एखाद्या बाईचं होतं हे पुसलं जातं. जमैकातही सोनिया पॉटिंजरसारखी बाई निर्माती म्हणून उभी राहिली. पॅट्रिशिया चिन यांनी, ज्यांचं मूळ चिनी आणि भारतीय, नवऱ्याबरोबर ज्यूकबॉक्समधल्या वापरून झालेल्या रेकॉर्ड विकण्यापासून सुरुवात करून रेगेचा मोठा व्यापार उभा केला. पण रेगे म्हटलं की नावं आठवतात ती पुरुषांचीच.

न दिलेलं घेणं याला आपण अदत्तादान म्हणतो. गाणं ऐकणं ही चोरी नव्हे, ऐकवणं तर नव्हेच. पण ज्याचं त्याचं नाव गाळून वाटणं, हे मला आता त्या व्रताच्या जवळ जाणारं वाटतं. लपवण्यात मी भाचीचं काहीतरी अडवलं होतं. पण नाव न सांगण्यात नॅन्सीचंही अडवलं होतं, हे मला उशिरा कळलं.

तरीही प्रश्न पुरता सुटत नाही. मूडबिद्रीची हकीकत आपल्यातल्या पुष्कळजणींनी ऐकली असेल. षट्खंडागमावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका तिथं ताडपत्रांवर शतकानुशतकं कुलपात होती. दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी खटपट केली आणि नकला काढायला सुरुवात झाली, पण त्या नकलाही तिथंच राहायच्या होत्या. नकलेच्या कामावरच्या गजपती उपाध्यायांनी आणखी एक प्रत गुपचूप उतरवली आणि बाहेर नेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या कामात त्यांना साथ दिल्याचं नोंदवलेलं आहे. पुढे १९३९ साली अमरावतीहून हिरालाल जैन यांनी छापलेला पहिला खंड लोकांच्या हाती आला, त्याच्या मुळाशी ती प्रत होती.

याला काय म्हणायचं? अचौर्य व्रताच्या हिशेबानं चोरी. ज्ञानदानाच्या हिशेबानं मोठं दान. मी पुष्कळ विचार केला. ज्यांनी विश्वासानं पोथी हाती दिली त्यांचा विश्वास मोडला, हे उरतंच, ते मी खोडणार नाही. पण एक फरक मला दिसतो. पोथी बाहेर आली तेव्हा वीरसेनाचार्यांचं नाव घेऊन आली. ग्रंथ मोकळा झाला, ग्रंथकर्ता हरवला नाही. 'बॅम बॅम' चं उलटं झालं. गाणं जगाचं झालं आणि गाणारी बँकेत बसून हिशेब करत राहिली. माझ्यापुरता मी एवढाच नियम धरलाय, की आवडलेलं अडवून धरायचं नाही, आणि द्यायचं ते नावासकट द्यायचं. त्या नावाचं जे देणं लागतं, तेही चुकवायचं. नुसत्या नावानं कुणाची चूल पेटत नाही.

दशलक्षण पर्वात आठवा दिवस उत्तम त्यागाचा आणि नववा उत्तम आकिंचन्याचा. आधी द्यायचं आणि नंतर 'माझं काही नाही' म्हणायचं, असाच क्रम का, हे मला यंदा थोडं कळलं. दिल्यानंतरही 'मी दिलं' ही ऐट उरते. तिच्यासाठी आणखी एक दिवस लागतो.

क्षमावाणीला मी भाचीला फोन लावला. उत्तम क्षमा म्हटलं आणि चैत्रातल्या दुपारची गोष्ट सांगितली. ती हसायला लागली. "अगं मावशी, मी तर विसरूनही गेले होते!" मी म्हटलं, "मी नाही विसरले. लिहून घे." मग तिला नॅन्सीचं नाव सांगितलं, तालाचं सांगितलं, मेटल्सचं सांगितलं, बँकेतल्या नोकरीचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खोक्यात अजून काय काय आहे?"

आता मी एकेक तबकडी काढून, पुसून, पाकिटावर चिठ्ठी चिकटवते आहे. गाणारा, वाजवणारे, साल, जेवढं ठाऊक तेवढं. दहा-बारा तबकड्यांचं लेबल कोरंच आहे. खरवडलेलं नव्हे, मुळातच छापलेलं नाही. त्या काळी काही रेकॉर्ड कोऱ्या लेबलानंच विकायला येत. भाऊजींनाही आता त्या आठवत नाहीत. त्या मी वेगळ्या ठेवल्यात. दिवाळीला भाची येणार आहे. ती ऐकेल, हुडकेल, आणि नावं मला सांगेल.